स्टेजवर बास बुडतो तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं घरी मन लावून सराव केलात, आता बँडबरोबर सहा कार्यक्रम झाले. घरी बास (म्हणजे बास गिटार) भरदार वाजतो. स्टेजवर मात्र तुम्हाला स्वतःलाच सूर कळत नाहीत, पायाखाली नुसता गडगडाट जाणवतो, आणि समोर बसलेला मित्र नंतर सांगतो की बास ऐकूच आला नाही. हातात चार तारांचा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवायचा, बास आहे, मागे 12 इंची स्पीकरचा 100 वॉटचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. साठवलेल्या पैशांतून अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) बास घ्यावा, 500 वॉटचं हेड (स्पीकर नसलेला सुटा अ‍ॅम्प) घ्यावं की पाच तारांकडे वळावं, असं तुम्ही विचारलं आहे.

आत्ता यातलं काहीच घेऊ नका. मी 25 वर्षं वेगवेगळ्या बँडमध्ये बास वाजवतो आहे. याच तक्रारीपायी मी आधी बास बदलला, मग अ‍ॅम्प, मग पाचवी तारही आणली. तक्रार जागच्या जागी राहिली. बासचा कोणता भाग कानाला ऐकू येतो हे समजलं तेव्हा कुठे ती सुटली. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

तुमच्याच वर्णनात खरी गोम आहे: गडगडाट आहे, पण सूर नाही. म्हणजे खर्ज कमी पडत नाहीये, तो गरजेपेक्षा जास्त झाला आहे. बासची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की तिचा मूळ स्वर, ई, 41 हर्ट्झचा असतो. बहुतेक कॅबिनेटं (स्पीकरच्या पेट्या) 50-60 हर्ट्झच्या खाली झपाट्याने गळपटतात. छोटा कॉम्बो तर त्याच्याही आधी. तरीही आपल्याला तो ई ऐकू येतो, कारण त्याच्या डोक्यावर 82, 124, 165 अशी पटीतल्या स्वरांची चळत असते. यांना आपण हार्मोनिक्स म्हणतो. त्या चळतीवरून मेंदू खालचा पाया ओळखून घेतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर एखादं गाणं लावून बघा. त्या स्पीकरमधून 41 हर्ट्झ बाहेर पडूच शकत नाही, तरी बासची ओळ तुम्ही त्याच्याबरोबर गुणगुणू शकता. कानाला सूर कळतो तो या वरच्या चळतीवरून. छातीत आणि पोटात जाणवतो तो खालचा भाग. तुमच्या स्टेजवर दुसरा भाग भरपूर आहे आणि पहिला हरवलाय.

मग घरी सगळं छान का वाटतं? एक तर घरी तुमच्याशी भांडायला कुणी नसतं. दुसरं कारण कानाच्या घडणीत आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली बेल लॅबमध्ये मोजून दाखवलं की हळू आवाजात आपला कान खर्जाच्या बाबतीत बराच बहिरा असतो आणि आवाज वाढला की हा फरक कमी होत जातो. घरी शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आपण हळू वाजवतो, खर्ज पुरेसा वाटत नाही, म्हणून बासचा नॉब चढवतो. थोडी चमक हवी म्हणून ट्रेबलही चढवतो. मधला पट्टा आपोआप खाली राहतो. एकट्याने ऐकायला हा आवाज खरंच गोड लागतो. तोच आवाज तसाच स्टेजवर नेऊन मोठा केला की खर्ज कित्येक पटींनी अंगावर येतो, ट्रेबलचा भाग झांजांमध्ये विरघळून जातो आणि सूर सांगणारा मधला भाग गिटार खाऊन टाकते. तुमचं नेमकं हेच झालंय असं मला वाटतं.

पुढच्या तालमीत असं करा. अ‍ॅम्पचे सगळे नॉब मधोमध ठेवा. बासचा नॉब थोडा मागे घ्या, घड्याळात अकरा वाजतात तिथपर्यंत. मिडचा नॉब एक वाजतो तिथे न्या. कोणती फ्रीक्वेन्सी वाढवायची हे निवडता येत असेल तर 500 ते 600 हर्ट्झवर ठेवून बघा. 200 ते 250चा पट्टा फुगलेला, घशात अडकल्यासारखा आवाज देतो. तो वाढवू नका, उलट बोथटपणा वाटला तर तिथून थोडं कापा. 2 ते 3 हजारांच्या आसपास बोटांची टकटक आणि तारेचा खरखरीतपणा असतो, तो चवीपुरता. आणि हे सगळं ड्रम आणि गिटार चालू असतानाच ठरवा. एकट्याने ऐकलात तर हा आवाज नाकातून निघाल्यासारखा, कोरडा वाटेल आणि तुम्ही लगेच जुन्या जागी परत जाल. मी पहिल्या वेळी तेच केलं होतं.

मला हे पटलं ते एका कार्यक्रमात. तिसऱ्या गाण्यात माझा अ‍ॅम्प बंद पडला. मागून आवाज शून्य. बासची वायर आधीच डीआय बॉक्समधून (बासचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी डबी) मिक्सरकडे गेलेली होती, त्यामुळे सभागृहात बास चालू राहिला, पण मला स्वतःला गायकासमोरच्या मॉनिटरमधून (स्टेजवरच्यांना ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) झिरपेल तेवढाच ऐकू येत होता: खर्ज नाहीच, नुसता मधला भाग. पुढची दीड तासाची बैठक मी त्या सडपातळ आवाजावर काढली. मनातून अस्वस्थ होतो. दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या मागच्या बाजूने केलेलं ध्वनिमुद्रण ऐकलं तर त्या वर्षभरातला माझा सगळ्यांत स्वच्छ बास त्यात होता. स्टेजवर माझा खर्ज घुमत नसल्यामुळे तो ड्रमच्या माइकांमध्ये शिरला नव्हता. आणि सूर नीट कळत असल्यामुळे मी बारीकसारीक गोष्टी जास्त काळजीने वाजवल्या होत्या. त्यानंतर मी अ‍ॅम्पकडे फक्त माझ्यासाठीचा मॉनिटर म्हणून बघायला लागलो. जिथे बास मिक्सरमधून जातो तिथे सभागृह भरण्याची जबाबदारी मोठ्या स्पीकरांची. माझ्या मागच्या पेटीने मला आणि ड्रमरला सूर दाखवला की तिचं काम झालं.

आता त्या पेटीच्या जागेबद्दल. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण यात एक पैसा खर्च होत नाही आणि फरक नवीन अ‍ॅम्पपेक्षा मोठा पडतो. 41 हर्ट्झची एक लाट सुमारे 8.3 मीटर लांब असते. यावरून एक समज पसरलाय की बासचा आवाज “तयार व्हायला” तेवढं अंतर लागतं, म्हणून तो अ‍ॅम्पजवळ ऐकू येत नाही आणि लांब ऐकू येतो. तसं असतं तर हेडफोनमध्ये बास कधीच ऐकू आला नसता. अ‍ॅम्पजवळ उभं राहून सूर न कळण्याचं कारण साधं आहे: पेटी जमिनीवर आहे आणि स्पीकर तुमच्या पोटऱ्यांकडे तोंड करून वाजतोय. खर्ज सगळीकडे पसरतो, पण मधला आणि वरचा पट्टा स्पीकरच्या समोर एका झोताने जातो. तो झोत तुमच्या गुडघ्यांवरून थेट पहिल्या रांगेकडे निघून जातो. पेटी खुर्चीवर ठेवा, किंवा मागे कलती करा, म्हणजे स्पीकर कानाकडे बघेल. आवाज न वाढवता सूर दिसायला लागेल. लाकडी पोकळ स्टेज असेल तर दुहेरी फायदा, कारण पेटी फळ्यांवर टेकलेली असली की सगळं स्टेजच ढोलासारखं घुमतं. उंच करता येत नसेल तर निदान खाली जाड फोम घाला.

मग भिंत. समजा, पेटीचा पुढचा चेहरा मागच्या भिंतीपासून 1 मीटरवर आहे. खर्जाची लाट मागेही जाते, भिंतीवर आपटून परत येते, म्हणजे समोरच्या लाटेपेक्षा 2 मीटर जास्त चालते. 86 हर्ट्झच्या आसपासची लाट 4 मीटरची असते, तेव्हा 2 मीटर म्हणजे बरोबर अर्धी लाट. परतलेली लाट उलटी होऊन मूळ लाटेला खाते. आणि 86-87 हर्ट्झ म्हणजे डी तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा (बासच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) एफ. तो सूर अचानक पोकळ होतो, बाकीचे ठीक वाजतात, आणि वादक बिचारा तार बदलत बसतो. पेटी भिंतीला चिकटवली की हा खड्डा वर सरकतो, सूरांच्या पायापासून दूर जातो, आणि खालचा खर्ज भिंतीच्या आधाराने फुकटात वाढतो. तो वाढला की अ‍ॅम्पवरचा बास आणखी मागे घ्यायचा. कोपऱ्यात मात्र ठेवू नका. तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून असं काही फुगवतात की काबूत येत नाही.

एखादाच सूर भयंकर घुमत असेल तर तो खोलीचा स्वभाव असतो. छत 3.1 मीटर उंच असलं तर 55 हर्ट्झची लाट जमीन आणि छत यांच्यात अडकून उभी राहते, आणि 55 हर्ट्झ म्हणजे तुमची मोकळी ए तार. अशा ठिकाणी ती तार मोकळी वाजवण्याऐवजी ई तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ए घ्या, हाताखाली असल्याने तो हवा तेव्हा थांबवता येतो. साऊंडचेकच्या वेळी मी खालच्या ईपासून एकेक फ्रेट चढत संथपणे सगळे सूर वाजवतो आणि कोणता फुगतो, कोणता नाहीसा होतो ते लक्षात ठेवतो. दोन मिनिटांचं काम आहे.

पण खरा बास हातात असतो. हे वाक्य सगळे म्हणतात म्हणून नेमकं काय ते सांगतो.

पहिली गोष्ट, तार कुठे छेडता. नेकच्या (बासच्या मानेच्या) टोकाजवळ छेडली तर आवाज गोल आणि फुगीर, ब्रिजकडे (तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या टोकाकडे) सरकलात तर घट्ट आणि ठसठशीत. घरी बहुतेक जण नकळत नेकजवळ वाजवतात कारण तिथे तार मऊ लागते. स्टेजवर चार बोटं ब्रिजकडे सरका. मिडचा नॉब चढवल्यासारखाच परिणाम मिळतो. दुसरी, किती जोरात छेडता. आपल्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर हात आपोआप जोर काढतो. जोरात ओढलेली तार सुरुवातीला थोडी चढ्या सुरात बोलते, फ्रेटवर आपटते आणि लगेच मान टाकते. त्यापेक्षा अ‍ॅम्प थोडा वाढवून हलक्या हाताने वाजवा. सूर एकसारखे येतात, मनगट शाबूत राहतं, आणि जोर हवा त्या जागेसाठी जोर शिल्लक उरतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: सूर कुठे संपतो. सुरू कुठे करायचा हे सगळे शिकतात, थांबवायचा कुठे हे फार थोडे. सूर पुढच्या सुरापर्यंत ओघळत राहिला की बासची ओळ चिखल होते, मग तिच्यापुढे कितीही वॉट लावा. डावं बोट तारेवरून पूर्ण न उचलता फक्त सैल सोडलं की सूर मिटतो. न वाजणाऱ्या जाड तारा उजव्या अंगठ्याखाली दाबून ठेवायच्या. अंगठा पिकअपवर (तारांची थरथर टिपणारा चुंबकाचा ठोकळा) रोवून न ठेवता, बारीक तारांकडे जाताना बोटांच्या मागे मागे आणत जायचा. सराव असा करा: मेट्रोनोम 60वर लावा, पहिल्या ठोक्यावर सूर सुरू करा आणि दुसऱ्या ठोक्यावर बरोबर मिटवा. दुसऱ्या ठोक्याच्या जरा आधी नाही, जरा नंतर नाही. मग ड्रमरला बसवा आणि त्याच्या स्नेअरवर (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) तुमचा सूर मिटू द्या. स्नेअरला अचानक जागा मिळते, तिचा फटका मोठा वाटतो, आणि पुढचा बासचा सूरही मोठा वाटतो, कारण त्याच्याआधी शांतता होती. आमच्या बँडमध्ये एका गाण्यात फक्त हा एक बदल केला तेव्हा गायकाने थांबून विचारलं की तुम्ही दोघांनी चाल बदललीत का.

जेम्स जेमर्सन यांचं वादन या दृष्टीने ऐका. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागे 1960च्या दशकात ऐकू येणारा बास बराचसा त्यांचाच. 1962 सालचा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास, जाडजूड फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा, आणि उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट. तारा ते तुटेपर्यंत बदलत नसत. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा होता, तो प्रत्येक सुराला लवकर मिटवायचा. एवढ्या बोथट साधनातून निघालेली प्रत्येक ओळ कोणत्याही रेडिओवर अक्षर न् अक्षर कळते. माझ्या मते याचं श्रेय सुरांच्या लांबीला जितकं आहे तितकं दुसऱ्या कशालाच नाही. तुमच्याही बासच्या ब्रिजपाशी तारांखाली फोमची पट्टी सरकवून एक तालीम करून बघा.

हॉल घुमत असेल तर कमी वाजवा. तुम्ही सूर मिटवलात तरी हॉल तो सेकंदभर धरून ठेवतो, आणि पुढचे तीन सूर त्यावर चढतात. अशा जागी मी भरणीच्या जागा मोकळ्या सोडतो आणि एखादा भाग सरळ एक सप्तक वर नेऊन वाजवतो. घरी बसवलेली ओळ तशीच्या तशी वाजवण्याचा हट्ट तिथे कामाचा नाही.

बँडमधल्या बाकीच्यांशीही बोलावं लागेल. गिटारची जाड तार 82 हर्ट्झपासून सुरू होते, म्हणजे तुमच्या जागेतच. गिटारवाल्याने घरी एकट्याने ऐकून आपला अ‍ॅम्प भरदार केलेला असतो. त्याला बासचा नॉब थोडा मागे घ्यायला सांगा, त्याची गिटार एकटी पातळ वाटेल पण बँडमध्ये जास्त सुटी ऐकू येईल. कीबोर्डचा डावा हात हा आणखी मोठा प्रश्न. दोघं मिळून एकच मंद्र सप्तक तुडवू लागले की दोघंही ऐकू येत नाहीत. आमच्या कीबोर्डवादकाला मी प्रत्येक गाण्यात विचारतो, “इथे खालचं कोण बघणार?” तो बघणार असेल तर मी वर जातो.

आता अ‍ॅम्प. 100 वॉटचे 200 केले की आवाज 3 डेसिबलने वाढतो. हा फरक कळतो, पण जेमतेम. कानाला दुप्पट मोठं वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. दुसऱ्या बाजूने बघा: बासचा नॉब 6 डेसिबलने चढवलात तर त्या पट्ट्यात अ‍ॅम्पला चौपट ताकद लावावी लागते. म्हणजे घरची ती खर्ज फुगवलेली सेटिंग तुमच्या 100 वॉटच्या कॉम्बोला सुरात 25 वॉटचा करून टाकते. खर्ज सपाट केलात की तोच कॉम्बो जास्त मोठा वाजेल.

तरीही मोकळेपणाने सांगतो, ड्रमर जोरकस असेल आणि बास मिक्सरमधून जात नसेल तर 100 वॉट अपुरे आहेत. ती वेळ आली की आधी स्पीकर वाढवा, मग वॉट. 8 ओहमच्या पेटीला तशीच दुसरी जोडली की एकूण भार 4 ओहम होतो. अ‍ॅम्प तेवढं सांभाळणारा असेल तर तो जास्त ताकद देतो, आणि दुप्पट स्पीकर मिळून जास्त हवा ढकलतात. दोन्ही मिळून 4 ते 6 डेसिबल हाती लागतात. दोन पेट्या एकावर एक ठेवल्या की वरची कानाशी येते, तो फायदा वेगळा. अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली कधी जाऊ नका. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर तो स्पीकर न जोडता चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि हेड ते पेटी ही वायर स्पीकरचीच हवी; बासची वायर तिथे लावली तर ती तापते, कधी अ‍ॅम्पलाही घेऊन जाते.

अँपेग कंपनीने 1969 साली एसव्हीटी हा बासचा अ‍ॅम्प आणला तेव्हा 300 वॉटचं नुसतं हेडच 40 किलोंच्या घरात होतं, आणि त्याखाली 10 इंची आठ-आठ स्पीकरांच्या पेट्या. मैदानभर पोचणाऱ्या मिक्सरच्या यंत्रणा तेव्हा आजच्यासारख्या नव्हत्या, म्हणून तेवढं लागायचं. तो आवाज मला आजही सगळ्यांत जास्त आवडतो. पण आता क्लास डी प्रकारची 500 वॉटची हेडं 2-3 किलोंत मिळतात आणि निओडिमियम चुंबकांमुळे पेट्याही हलक्या झाल्या आहेत. जिने चढून वर गेल्यावर ज्या हातांनी वाजवायचं आहे त्यांचा विचार करा.

बास बदलण्याविषयी. विजेवरचा बास जन्माला आला तोच तुमच्या प्रश्नातून: उभा बास बाकीच्या वाद्यांपुढे ऐकू येत नसे आणि वाहून न्यायला जिवावर यायचा. लिओ फेंडर यांनी 1951 साली प्रिसिजन बास आणला, त्यातल्या फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून ते नाव. 1957 साली त्याला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला, तो आजही तसाच आहे. दोन पिकअपचा जॅझ बास 1960चा, आणि 1976च्या म्युझिक मॅन स्टिंगरेने बासच्या आतच अ‍ॅक्टिव्ह प्रीअ‍ॅम्प बसवून दिला. तिन्ही मी वर्षानुवर्षं वाजवले आहेत. गर्दीच्या मिश्रणात काहीही न करता आपली जागा धरून ठेवतो तो प्रिसिजन, असं माझं ठाम मत आहे. तुमचा बास दोन पिकअपचा असेल तर एक करून बघा: दोन्ही पूर्ण उघडे असताना मधला पट्टा थोडा खाली बसतो. नेककडचा जरासा कमी करा, सूर पुढे येईल. पिकअप सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) असतील तर किंचित गुणगुण वाढेल, बँड वाजायला लागल्यावर ती कळत नाही.

अ‍ॅक्टिव्ह बासमुळे जास्त नॉब मिळतात, म्हणजे खर्ज फुगवायची आणखी एक जागा. ज्याला काय कमी करायचं ते कळतं त्याच्या हातात ते उत्तम साधन आहे. त्यातली 9 व्होल्टची बॅटरी वायर खोचलेली असेपर्यंत खर्च होत राहते, म्हणून वाजवून झालं की जॅक काढून ठेवायचा. पाचवी तार 31 हर्ट्झची. गाण्यांना ईच्या खालचे सूर लागत असतील, किंवा पाचव्या फ्रेटवर बसून हात न हलवता खालचा ई हवा असेल, तर जरूर घ्या. ऐकू यावं म्हणून घेणार असाल तर तुमच्या 12 इंची स्पीकरला 41 झेपत नाहीये, तो 31 कुठून काढणार?

त्यापेक्षा आहे त्या बासची नीट जुळवणी करून घ्या. ऋतू बदलला की नेक वाकते. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग तिला स्थिरावायला वेळ द्या. बाराव्या फ्रेटचा दाबलेला सूर आणि तिथेच बोट नुसतं टेकवून काढलेला हार्मोनिक जुळत नसतील तर ब्रिजवरचं सॅडल सरकवा. तारा 45 ते 105चा (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) नेहमीचा संच ठीक. राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) घरी झगमगतात. घुमणाऱ्या जागी फ्लॅटवाउंड किती कामाच्या ठरतात हे एकदा वाजवून बघितल्याशिवाय पटत नाही.

साऊंडवाल्याशी पहिल्या पाच मिनिटांत नातं जोडा. त्याला डीआय ईक्यूच्या (अ‍ॅम्पवरच्या बास, मिड, ट्रेबलच्या नॉबांच्या) आधीचा द्या, म्हणजे तुम्ही स्टेजवर आपले नॉब फिरवलेत तरी सभागृहातला आवाज बदलत नाही. गुणगुण आली तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. पॉवरच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणीही, कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी, काढू नका. एका हातात बासच्या तारा आणि ओठाशी माइक असताना अर्थिंग नसलेला अ‍ॅम्प जीव घेऊ शकतो. हे मी डोळ्यांसमोर एका गायकाला झटका बसताना पाहिलंय. तो वाचला, पण पुढचं गाणं कुणीच वाजवू शकलं नाही.

पिशवीत दोन वायरी, तारांचा संच, बॅटरी, फ्यूज, अ‍ॅलन की, बॅटरीचा दिवा, चिकटपट्टी आणि स्वतःचा डीआय बॉक्स ठेवा. पट्टा रुंद हवा, चार किलोंचं वाद्य तीन तास एकाच खांद्यावर असतं. त्याला लॉक लावून घ्या. पट्ट्याची लांबी बसून सराव करता त्या उंचीवरच ठेवा, म्हणजे डावं मनगट सरळ राहतं.

साठवलेल्या पैशांतून आत्ता काही घ्यायचंच असेल तर कानांसाठी घ्या. सुरक्षिततेचा नेहमीचा हिशेब असा आहे: 85 डेसिबलमध्ये आठ तास, आणि त्यावर प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मी. 94ला एक तास, 100ला पाव तास. ड्रमच्या झांजेशेजारी उभं राहून तुम्ही तालमीतच ही मर्यादा ओलांडता. फोमचे बोळे वरचा पट्टा जास्त कापतात आणि उरतो तोच गडगडाट, म्हणून वादकांसाठी बनवलेले, सगळे पट्टे सारखे कमी करणारे, 15 डेसिबलचे प्लग घ्या. 100चे 85 होतात. पहिल्या दोन तालमी आपण दुसऱ्या खोलीत आहोत असं वाटतं. माझ्या उजव्या कानात गेली अकरा वर्षं एक बारीक शिट्टी अखंड वाजते, झांजेच्या बाजूचा तो कान. डाव्या कानाचे प्लग मी तेव्हापासून कधी विसरलो नाही, आणि त्याच कानाने मी आजही सूर कुठे संपतो ते ऐकतो.